ग्रिडमधला आगंतुक

मित्राचा जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आज टेबलावर घेतला. तक्रार गमतीची: तबकडी थांबली की स्पीकरमधून बातम्या. भूतबित काही नाही. रेकॉर्ड प्लेअरची लांब वायर अँटेना होते आणि पहिल्या व्हॉल्व्हची ग्रिड नकळत डिटेक्टरचं काम करते. एकदा रेडिओलहरीतून आवाज सुटा झाला की पुढे कितीही फिल्टर लावा, उपयोग शून्य. बंदोबस्त दारातच हवा.

त्या पहिल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे ईसीसी८३च्या ग्रिडला, अगदी पिनला चिकटून, १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. व्हॉल्व्हची स्वतःची सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स त्याच्या जोडीला असतेच. १६० किलोहर्ट्झच्या वरचं उतरू लागतं. मीडियम वेव्ह ५३१पासून सुरू, आपलं ऐकणं २०लाच संपतं. गाण्याला धक्का नाही. रेझिस्टर पिनपासून लांब ठेवला, तर मधली वायर पुन्हा लहरी टिपते.

हल्ली खरा छळ मात्र स्टेशनांपेक्षा स्वस्त एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा, असं माझं मत. ते आधी बंद करून बघावेत, फुकटात निदान होतं.

आणि पेटी उघडणार असाल तर एवढं ऐका: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट उरलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवा, मीटर लावून खात्री करा, मगच हात घाला.