बुरशी ब्लोअरमध्ये असते

पावसाळा लागला की आम्हा एसी मेकॅनिकांना येणाऱ्या फोनांचा सूर बदलतो. मे महिन्यात ‘थंड करत नाही’, जुलैत ‘ओल्या फडक्यासारखा वास येतो’. मुंबईत तरी हे ठरलेलं.

अशा घरी फिल्टर बहुधा स्वच्छच निघतो. मी येणार म्हणून ताईंनी सकाळीच धुतलेला असतो. मी स्विंगची पट्टी खाली करून आत टॉर्च मारतो. आतल्या लांबट गोल ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके दिसतात, कुठे मऊ थर. वास तिथून येतो.

एसीचा जन्मच मुळी दमटपणा काढण्यासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं, ते माणसांच्या गारव्यासाठी नव्हतं. ओलाव्याने कागद फुगायचा, आकसायचा आणि छपाईचे रंग जुळायचे नाहीत, म्हणून. आजही तेच चालतं. गार कॉइलवर खोलीतला ओलावा पाणी होऊन धरतो. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ, त्वचेचे कण, सुती तंतू, स्वयंपाकघर लागूनच असेल तर फोडणीचं तेल, हे सगळं त्या ओलीवर चिकटतं. पहाटे गारठा वाटला की आपण रिमोट दाबून मोकळे होतो. आत कॉइल ओली, ट्रे ओला, अंधार. बुरशीला आणखी काय हवं?

लहान खोलीत दोन टनाचा एसी बसवणाऱ्यांना तर मी हातच जोडतो. खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, ब्लोअर फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. खोली थंड, पण दमट.

आमच्या धंद्यात झटपट सर्व्हिस म्हणजे कॉइलवर जेट पंप आणि वर सुगंधी फवारा. वास चार दिवस दबतो. ब्लोअर बाहेर काढायचा तर बॉडी, ट्रे, मोटर सोडवावी लागते. अर्धी सकाळ जाते आणि ठरलेल्या दरात ते परवडत नाही, हेही खरं. पण मऊ ब्रशने पातं न् पातं घासल्याशिवाय बुरशी जात नाही. कुणी ब्लीच सुचवतं. त्याने ॲल्युमिनियमच्या फिन्स खराब होतात, आणि ते ॲसिडवाल्या क्लीनरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. मी साबणाचं पाणी वापरतो, ड्रेन पाइपचा उतार तपासतो, आणि घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांना आधी दुसऱ्या खोलीत बसवतो.

धुतल्यानंतरचं काम तुमचं. एसी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या फॅनवर चालवा, आतलं सुकू द्या. आणि पुढच्या सर्व्हिसला पैसे देण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून ब्लोअरची पाती स्वतः बघा.