आधी ब्रीदरचा पाईप बघा
पेरणी तोंडावर अन् ट्रॅक्टर टॅपेट कव्हरमधून ऑईल गाळायला लागला. फिटर म्हणाला, इंजिन खोलावं लागंल. म्हटलं थांब, आधी ब्रीदर बघू. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याची बाहेर जायची वाट म्हणजे हा पाईप. तो पिचकून आतून राबड्यानं बंद. मग दाब पॅकिंगमधून ऑईल ढकलणारच.

पाईप डिझेल टाकीखाली, दोन बोटंच जातात. इंजिन गार झाल्यावर ब्लेडनं उभा चिरून काढला. ओढला तर खालची नळी मोडते. भोकात फडकं कोंबलं (काढायचं विसरू नका). नवा पाईप ऑईलला टिकणाराच घ्या, पाण्याची नळी फुगते. टोक गरम पाण्यात बुडवलं की सहज सरकतं.

गळती थांबली. पाईप मोकळा असूनही ब्रीदरमधून भकाभका धूर येत असेल तर मात्र रिंगा गेल्यात, तिथं फिटरचंच ऐका.