दाभोळचा तांडेल आणि आकाशातील खाडी

धोपाव्याहून निघालेली फेरीबोट दाभोळला लागली तेव्हा उन्हे कलली होती. वाशिष्ठी इथेच समुद्राला मिळते. एके काळी या बंदरात अरबी घोडे उतरत. आता मोटारी उतरतात. जुन्या मशिदीचा घुमट डोळे भरून पाहिला नि धक्क्यावर आलो, तो एक वृद्ध तांडेल जाळे सांधीत बसलेले. मी मास्तर म्हटल्यावर त्यांनी सरकून जागा दिली.

होडीवर जीपीएसचे यंत्र होते. "चांगलं आहे हो मास्तर," ते म्हणाले, "पण रात्री आत शिरताना मी टोळकेश्वराचा दिवाच बघतो. यंत्र कधी कधी होडी जरा बाजूला दाखवतं."

हे 'कधी कधी' माझ्या मनातून जाईना. मी पडलो मराठीचा माणूस! घरी परतल्यावर पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याला गाठले.

उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्याचा संदेश पृथ्वीजवळ येतो तेव्हा वाटेत आयनांबर लागते. सूर्यकिरणांनी तिथल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात, नि त्यांच्या गर्दीत संदेश रेंगाळतो. सूर्य जोरात असेल तर आपल्याकडे दुपारी उपग्रहाचे अंतर दहा मीटर, कधी त्याहूनही जास्त भासते.

मौज पुढेच आहे. उपग्रह एकाच वेळी दोन लहरी सोडतो, १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झच्या. दुसरी पहिलीपेक्षा सुमारे १.६५ पट अधिक रेंगाळते. ओहोटीच्या धारेत दोन होड्या एकदम सोडाव्यात, हलकी किती पट अडते हे ठाऊक असावे, मग दोघींच्या पोहोचण्यातील फरकावरून धारेचा जोर काढावा, तसेच हे. चुकीचे माप चुकीतच सापडते!

तांडेलांच्या यंत्रासारखी साधी यंत्रे मात्र एकच लहर ऐकतात. उपग्रहाने कळवलेल्या ठोकळ सूत्राने ती सुमारे निम्मीच चूक काढतात. म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने 'गगन' उभारले. देशभरची केंद्रे दोन्ही लहरींवरून विलंब मोजतात, नि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहामार्फत परत येते. २०१५ साली विमाने उतरवण्याच्या मार्गदर्शनासाठीही तिला मान्यता मिळाली. ती ऐकू शकणाऱ्या होडीच्या यंत्रालाही तिचा उपयोग होतो.

एक खोड मात्र उरतेच. विषुवदिनांच्या आगेमागे, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्यास्तानंतर आयनांबरात बुडबुडे उठतात. संदेश थरथरतो, क्वचित तुटतोही.

पुढच्या खेपेस मी हे सारे तांडेलांना सांगितले. जाळ्यावरचा हात थांबला.

"म्हणजे वरही खाडीच आहे म्हणायची! दिवस मावळल्यावर किती वेळ चालतं हे?"

"मध्यरात्रीपर्यंत धरून चला."

"आम्ही परततो तीच वेळ," ते म्हणाले, नि पोराला हाक मारून दिवसाउजेडी निघण्याचे सांगू लागले.