फेकलेला नट आणि दोन झोन

अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ ही रशियन विज्ञानकादंबरी १९७२ साली आली. तिच्यावरून आंद्रेई तारकोव्हस्की यांनी केलेला ‘स्टॉकर’ १९७९चा. पटकथेवर नाव याच बंधूंचे. दोन्हींत निषिद्ध प्रदेशाला ‘झोन’ म्हणतात आणि तिथे चोरून शिरणाऱ्याला ‘स्टॉकर’. नावे तीच, जागा मात्र वेगळ्या.

कादंबरीत परग्रहावरचे कोणी पृथ्वीवर सहा ठिकाणी उतरून निघून गेले आहेत. रस्त्याकडेला सहल करून माणसे उष्टेखरकटे टाकून जातात आणि मुंग्या त्याभोवती चक्रावतात, तशी माणसांची गत झाली आहे. हार्मंट या काल्पनिक शहरालगतचा झोन अशा वस्तूंनी खच्चून भरलेला आहे. तांब्याच्या दोन चकत्या, मध्ये काहीच नाही, तरी त्या ना दाबल्या जातात ना ओढून वेगळ्या होतात. तळघरांत हाडे मऊ करून टाकणारी ‘चेटकिणीची जेली’ साचलेली. प्रत्येक वस्तूला स्टॉकरांनी नाव दिले आहे आणि चोरबाजारात भाव आहे. भीतीच्या जोडीला सतत हिशेब चालतो.

चित्रपटात यातले जवळपास काही नाही. दिसते ते उंच गवत, पडक्या इमारती, गंजलेले रणगाडे आणि जिकडेतिकडे पाणी. धोका स्टॉकरच्या बोलण्यात आणि बिचकत टाकलेल्या पावलांत आहे. पडद्यावर तो दिसत नाही.

हा फरक धातूच्या नटावरून नेमका कळतो. वाट तपासायला दोन्हीकडे स्टॉकर पुढे नट फेकतो. कादंबरीत नट मध्येच खाली खेचला जाऊन मातीत रुततो. तिथे गुरुत्वाकर्षण एकवटले आहे, हे कळते. चित्रपटात पांढरी पट्टी बांधलेला नट गवतात पडतो आणि तसाच राहतो. प्रेक्षकाला विश्वास ठेवावा लागतो, किंवा शंका घ्यावी लागते.

रंगांची योजनाही याच दिशेची. कादंबरीतले शहर बार, पोलीस आणि संशोधनसंस्था यांनी गजबजलेले. चित्रपटात घर-गल्ली मळकट तपकिरी छटेत दिसते, आणि हिरवा रंग झोनमध्ये पाऊल टाकल्यावरच येतो. जिवावर उठलेली जागा हीच जिवंत वाटते.

चित्रीकरणाचाही यात हात आहे. आधी ठरलेला ताजिकिस्तानातला कोरडा मुलूख भूकंपामुळे सोडावा लागला. मग एस्टोनियात, ताल्लिनजवळच्या यागाला नदीवरील बंद जलविद्युत केंद्रांत काम सुरू झाले. चित्रपटातली ओल तिथली आहे. पुढे चित्रित फिल्म प्रयोगशाळेत खराब झाली. बरेचसे पुन्हा चित्रित करताना पटकथाही बदलली आणि धाडसी चोर असलेला स्टॉकर श्रद्धाळू वाटाड्या झाला.

म्हणून शेवटही निराळे. कादंबरीत इच्छा पुरवणारा सोनेरी गोळा एका खाणीत आहे आणि वाटेतल्या ‘मांसयंत्रा’ला एक माणूस बळी द्यावा लागतो. चित्रपटात मांसयंत्र हे एका बोगद्याचे नाव आहे. त्यातून स्टॉकर आणि त्याने झोनमध्ये नेलेले लेखक व प्राध्यापक, असे तिघेही सुखरूप पार होतात. गोळ्याच्या जागी एक रिकामी खोली आहे. तिच्या उंबरठ्याशी लेखक आणि प्राध्यापक थबकतात. ती तोंडाने मागितलेले देत नाही, मनाच्या तळाशी असलेले देते. आत कोणीच जात नाही.