खिशातले शस्त्र

नगरच्या रस्त्यावर सायकलमागे कुत्रे लागले, की आम्ही पाय वर घेतो किंवा दगड उचलल्याचा आव आणतो. पॅरिसच्या गालाँ या बंदूक-कारागिराने मात्र १८९० च्या दशकात सायकलस्वारांसाठी चक्क खिशातले रिव्हॉल्व्हर काढले, ‘व्हेलो-डॉग’! खिशात अडकू नये म्हणून घोडा बहुधा आत दडवलेला, चाप दुमडता येणारा.

वाचून हसू आले, पण टिकले नाही. त्या काळी आपल्याकडे १८७८ चा शस्त्रकायदा होता. युरोपियनांना त्यातून सूट; नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तलवार घेऊन फिरायलाही परवाना हवा. भीती साहेबाला वाटे, तशीच दरोड्याच्या रात्री आमच्या खापरपणजोबांनाही वाटत असेल. पण भीतीवरचा उपाय खिशात कुणी बाळगायचा, हे कातडीचा रंग ठरवीत होता.