लेक जिनीव्हा : एका खेळाचें जन्मस्थान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन संस्थानाच्या दक्षिण सीमेजवळ लेक जिनीव्हा नांवाचें एक टुमदार गांव आहे. शिकागोहून तें सुमारें ८० मैल. मोटारीनें दोन तासांच्या आंतबाहेर. गांवास लागूनच सुमारें साडेसात मैल लांबीचें निळेंशार सरोवर पसरलेलें असून त्याच्या कांठीं शिकागोच्या धनिकांचे जुने वाडे उभे आहेत. १८७१ च्या भयंकर आगींत शिकागो शहराचा मोठा भाग भस्मसात् झाला, त्यानंतर या मंडळींचा इकडील ओढा वाढला. त्याच कांठीं विल्यम्स बे या खेड्यांत १८९७ सालीं उघडलेली यर्क्स वेधशाळा आहे. आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३७ पासून अनेक वर्षें तेथें संशोधन करीत होते.

चिरंजीवांकडे शिकागोस मुक्काम असतां आम्हीं हें स्थळ सहकुटुंब पाहिलें. सरोवराभोंवतीं सुमारें २१ मैलांची पाऊलवाट आहे, आणि ती या वाड्यांच्या अंगणांतूनच जाते. पोटावाटोमी नांवाच्या मूळ रहिवाशांची ही वहिवाट. १८३६ च्या सुमारास त्यांस येथून घालवून देण्यांत आलें, वाट तेवढी राहिली. ज्याचें अंगण त्यानें आपल्या रुचीप्रमाणें विटा, फरशी किंवा खडी घालावी, परंतु जाणारायेणारास अडवूं नये, असा येथील दंडक आहे. ज्या खेळाची हकीकत पुढें सांगावयाची आहे, त्याची घडणहि कांहींशी अशीच आहे.

शिकागोस १९३८ सालीं जन्मलेला गॅरी गायगॅक्स हा गृहस्थ लहानपणींच या गांवीं राहावयास आला. शाळा त्यानें अर्ध्यावर सोडली. वाचन मात्र अफाट. पुढें विमा-कंपनींतील नोकरी सुटल्यावर तो घराच्या तळघरांत जोडे दुरुस्त करून प्रपंचास हातभार लावी. पटावरील लढायांचे खेळ हा त्याचा ध्यास. १९६८ च्या ऑगस्टांत त्यानें गांवांतील हॉर्टिकल्चरल हॉल भाड्यानें घेऊन अशा शौकिनांचें एक संमेलन भरविलें. ‘जेन कॉन’ नांवाचें तें संमेलन पुढें गांवांत मावेना. २००३ पासून तें इंडियानापोलिस शहरीं भरतें.

१९७२ च्या अखेरीस मिनेसोटा संस्थानांतील डेव्ह आर्नेसन या तरुणानें गायगॅक्सच्या घरीं येऊन आपण बसविलेला एक नवा खेळ खेळून दाखविला. पटावर अवघें सैन्य हलविण्याऐवजीं प्रत्येकानें एकच पात्र व्हावयाचें, ही त्यांतील मुख्य कल्पना. उभयतांनीं मिळून तिला रूप दिलें आणि १९७४ च्या जानेवारींत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. लहानशी पेटी, तींत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती १,०००, असा तो घरगुती आरंभ होता.

खेळाचें स्वरूप असें. चारपांच जण टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. त्यास ‘डंजन मास्टर’ म्हणतात. बाकीचे एकेक पात्राचें सोंग घेतात. कोणी योद्धा, कोणी जादुगार. पात्राचे सहा गुण फांसे टाकून ठरवावयाचे : शक्ति, चापल्य, काटकपणा, बुद्धि, शहाणपण आणि छाप. बुद्धि व शहाणपण हे दोन निरनिराळे गुण मानले आहेत, हें आम्हां मास्तरास फारच पटलें. सूत्रधार सांगतो, “तुम्ही भुयाराच्या तोंडाशीं आहांत, आंतून पाण्याचा आवाज येतो आहे,” आणि विचारतो, “आतां काय करतां?” खेळणारे जें बोलतील तें घडूं लागतें, जेथें यश अनिश्चित, तेथें फांसा निवाडा देतो. हार-जीत कोणाचीच नाहीं. गोष्ट पुढें चालणें हेंच फळ.

विशेष हें कीं, गायगॅक्सनें रचलेल्या पहिल्या भुयारांत जे पहिले दोन वाटसरू उतरले, ते त्याचींच मुलें होतीं : ११ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी. मुलांस हा खेळ कोणत्या वयीं द्यावा, या प्रश्नाचें उत्तर खेळाच्या जन्मकथेंतच आहे.

आपल्या घरांत फांसा हा शब्द ऐकतांच वडील माणसांच्या कपाळास आठी पडते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याची दैना सांगणारें अक्षसूक्त आहे, आणि सभापर्वांतील द्यूत तर सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथें फांशावर पण लावलेला नसतो. शिवाय हे फांसे भूमितीच्या अभ्यासकानें पाहण्यासारखे असतात : ४, ६, ८, १२ व २० बाजूंचे. युक्लिडानें आपल्या ग्रंथाच्या तेराव्या भागांत सिद्ध केलेल्या त्याच पांच समघनाकृति मुलाच्या मुठींत येतात!

सूनबाईंनीं शंका काढली कीं, या खेळानें मुलें भ्रमिष्ट होतात असा तेथें एके काळीं बोभाटा झाला होता. तो झाला होता खरा. १९७९ सालीं मिशिगन संस्थानांतील एक विद्यार्थी नाहींसा झाला आणि वर्तमानपत्रांनीं त्याचा दोष या खेळास दिला. पुढें ज्यानें त्याचा शोध लावला, त्यानेंच पुस्तक लिहून सांगितलें कीं, मुलाच्या दुःखाचीं कारणें वेगळीं होतीं. खेळावर दोष ठेवला कीं मुलाशीं बोलण्याचें काम टळतें. म्हणून असे बोभाटे लवकर पसरतात.

आमचा धाकटा नातू ९ वर्षांचा आहे. त्यास मराठी समजतें, पण उत्तर तो इंग्रजींत देतो आणि चारचौघांत तेंहि देत नाहीं. लेक जिनीव्हाहून परतल्यावर एका संध्याकाळीं आम्हीं सूत्रधार झालों. कथा सह्याद्रींतील एका ओसाड गडाची ठेविली आणि बोलणें मराठींतच, असा एक नियम केला. गडाच्या दरवाज्यांत एक राक्षस आडवा बसला होता. १२ वर्षांच्या नातीनें लगेच तलवार उपसली. धाकटा बराच वेळ गप्प होता, मग हळूच म्हणाला, “मी त्याला विचारतो, तूं जेवलास कां?”

त्याची आजी पुण्याहून फोनवर त्यास रोज हाच प्रश्न विचारते. फांसा टाकला; दान पडलें एकाचें, म्हणजे सर्वांत हलकें. राक्षस म्हणाला, “चार दिवस उपाशी आहें, आणि तुझ्या प्रश्नानें भूक आणखीच खवळली!” मग उरलेला तासभर दोघें भावंडें त्या राक्षसासाठीं गडावर अन्न शोधीत फिरलीं, आणि धाकट्याचें मोडकेंतोडकें मराठी एकदांहि थांबलें नाहीं.

आयुष्यभर वर्गांत आम्हीं जे प्रश्न विचारले, त्यांचीं उत्तरें आम्हांस अगोदरच ठाऊक असत, आणि तें मुलांसहि ठाऊक असे. “आतां काय करतोस?” या प्रश्नाचें उत्तर विचारणारास ठाऊक नसतें. म्हणून मूल तें खरोखर शोधूं लागतें. एकत्र कुटुंबांत मुलांस आज्ञा पाळण्याचें वळण सहज लागतें. परंतु आपण निर्णय घ्यावा आणि त्याचा परिणाम आपणच निस्तरावा, ही संधि त्यांस क्वचितच मिळते. ती या खेळांत मिळते, आणि चुकलें तरी कोणाचें नुकसान होत नाहीं.

ज्यांस हा खेळ घरीं सुरू करावयाचा आहे, त्यांनीं मोठीं पुस्तकें प्रथम आणूं नयेत. साधा सहा बाजूंचा फांसा, कागद आणि पेन्सिल एवढें साहित्य पुरे. सातआठ वर्षांपुढील तीनचार मुलें घ्यावींत; आतेमामेभावंडें जमलीं असतील तर उत्तमच, कारण फांशापुढें धाकटें-थोरलें सारखेंच. वेळ एका तासाहून अधिक नसावा. प्रत्येक गोष्टीस फांसा टाकूं नये. दार उघडावयास फांसा कशाला? दान हलकें पडलें तर कथा संपवूं नये, तिला वळण द्यावें. एकानें दुसऱ्याच्या पात्राचा निर्णय घेऊं नये, आणि हा नियम वडील माणसांनीं अधिक कसोशीनें पाळावा.

कथा आपल्याच मुलखांतील घ्यावी. ज्याचें अंगण त्याची फरशी, हा लेक जिनीव्हाच्या वाटेचा न्याय येथेंहि लागू आहे : नियमांची वाट तेवढी मोकळी ठेवावी, मग तिच्यावर राजगडचा चिरा बसवा कीं कोंकणांतील जांभा. सूत्रधारानें मात्र एक पथ्य पाळावें. प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबावें. मूल कितीहि वेळ गप्प राहिलें तरी थांबावें.