हंसांच्या तळ्याचे दोन शेवट

बडोद्याच्या मुलांना नाच नवा नाही. पण एकही शब्द नसलेला दोन-अडीच तासांचा बॅले त्यांच्यासमोर ठेवला, तर दहाव्या मिनिटाला ती उठून जातात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत माझी नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा भाचा यांना ‘स्वान लेक’ दाखवण्याआधी मी नुसती गोष्ट सांगितली.

रॉथबार्ट नावाच्या जादूगाराने ओडेटला हंस करून ठेवलंय. रात्रीपुरती ती माणूस होते. कुणी तिला प्रेमाचं वचन देऊन ते पाळलं, तरच शाप सुटेल. राजपुत्र सीगफ्रीड तिच्या प्रेमात पडतो. पण महालातल्या समारंभात जादूगार आपल्या मुलीला, ओडिलला, ओडेटच्या रूपात आणतो आणि राजपुत्र तिलाच वचन देऊन बसतो.

मग हातांच्या खुणा शिकवल्या. मुलगी भरतनाट्यम शिकते, त्यामुळे तिला त्या चटकन कळल्या. डोक्यावर हात एकमेकांभोवती फिरवले की ‘नाच’. हात उंचावून दोन बोटं उभी केली की ‘शपथ’. मुठी वळून मनगटं एकमेकांवर आडवी धरली की ‘मृत्यू’. पडद्यावर राजपुत्राची दोन बोटं वर जाताच भाचा ओरडला, “अरे, ती ती नाहीये!” दोघींचं काम एकच नर्तकी करते, हे त्याला आधी सांगितलं होतं.

मुलांना इतिहासही आवडला. चायकोव्हस्कीचा हा बॅले १८७७ मध्ये मॉस्कोत आला तेव्हा फारसा गाजला नाही. चायकोव्हस्की १८९३ मध्ये वारले. १८९५ मध्ये पीटर्सबर्गला पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी तो नव्याने बसवला, आणि आज बहुतेक ठिकाणी दिसतो तो त्यावरच आधारलेला. त्यात पिएरिना लेन्यानीने एका पायावर लागोपाठ ३२ गिरक्या घेतल्या होत्या. आमच्याकडे त्या मोठ्याने मोजल्या गेल्या.

प्रश्न होता शेवटाचा. १८९५ च्या प्रयोगात दोघं तळ्यात जीव देतात आणि जादूगाराची शक्ती संपते. १९५० मध्ये लेनिनग्राडला सर्गेयेव यांनी बसवलेल्या प्रयोगात राजपुत्र जादूगाराला हरवतो, दोघं जगतात. माझी आई श्रावणातच गेली. त्यामुळे वहिनी म्हणाली, “ताई, गोड शेवटच सांगा हं.”

मी दोन्ही सांगितले. भाच्याने लगेच जिंकणारा राजपुत्र घेतला. मुलगी म्हणाली, “त्याला फसवलं होतं. त्याने माफीही मागितली. मग शाप का नाही सुटला?”

“ओडेटने माफ केलं गं. पण दिलेला शब्द परत घेता आला नाही.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आजीने तर काहीच चूक केली नव्हती. तरी गेली.”

तीन महिने घरात आम्ही हा विषय मुलांसमोर टाळत होतो. त्या रात्री बोललो. आजीचा आजार, दवाखाना, शेवटचे दिवस, मुलांनी विचारलं तेवढं सगळं सांगितलं. वहिनीही येऊन बसली.

तुम्ही दाखवणार असाल, तर आधी गोष्ट सांगा, मग खुणा, मग फक्त तळ्याकाठचा दुसरा अंक. हातात हात गुंफून नाचणारी चार हंसपिल्लं त्यातच आहेत. आणि शेवट दोन्ही सांगा. त्यानंतर मुलं काय विचारतील, त्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवा.